डॉक्टरांनी लिहायला बंदी घातली, तिने गोष्ट लिहिली! पण शार्लट गिलमनची कहाणी तिथे संपत नाही

११ मार्च १८८६. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून एक मराठी मुलगी डॉक्टर होऊन बाहेर पडली. आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी त्यांना बाळ झालं होतं आणि ते दहा दिवसांत गेलं होतं. प्रबंधासाठी त्यांनी विषयही प्रसूतिशास्त्राचाच घेतला होता. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयरोगाने त्यांचं निधन झालं.

त्यानंतर दोनेक महिन्यांत त्याच फिलाडेल्फियात २६ वर्षांची एक अमेरिकन बाई उपचारांसाठी येऊन पोचली. घरी दोन वर्षांची मुलगी होती, प्रेम करणारा नवरा होता, आणि तरीही बाळंतपणापासून तिचं रडू थांबत नव्हतं. तिचं नाव शार्लट. पुढे ती शार्लट पर्किन्स गिलमन या नावाने जगभर ओळखली गेली.

तिची कहाणी सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असते. डॉक्टरांनी तिला खोलीत कोंडलं, लिहायला बंदी घातली, तिने उपचार झुगारले, एक गोष्ट लिहिली आणि ती बरी झाली, अशी. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण यातला शेवटचा भाग खरा नाही. आणि बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनच्या गोळ्या आज ज्या बायका घेत आहेत, त्यांच्यासाठी नेमका तोच भाग महत्त्वाचा आहे.

झोपल्यावरच मिळणारी माया

शार्लटचा जन्म ३ जुलै १८६० चा, कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. घराणं नामांकित. गुलामगिरीविरुद्ध अमेरिका हलवून सोडणाऱ्या अंकल टॉम्स केबिन या कादंबरीच्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो या तिच्या वडिलांच्या सख्ख्या मावशी. पण नाव मोठं असलं तरी घरात पैशाची कायम ओढाताण. वडील फ्रेडरिक पर्किन्स ग्रंथपाल आणि संपादक होते. शार्लट लहान असतानाच ते घर सोडून गेले. आई दोन मुलांना घेऊन या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे राहत फिरली.

नवऱ्याने सोडल्यामुळे आई आतून कडवट झाली होती. मुलीला मायेची सवय लागली तर पुढे तिलाही असंच दुखावलं जाईल, असं तिला वाटे. म्हणून ती शार्लटला जवळ घेत नसे. मुलगी झोपली की मगच कुरवाळायची. हे लक्षात आल्यावर छोटी शार्लट झोपेचं सोंग घेऊन जागी राहायची.

मोठी झाल्यावर तिने ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये चित्रकलेचे धडे घेतले. जाहिरातीची छोटी कार्डं रंगवून ती स्वतःचे पैसे कमवायची. रोज व्यायाम करायची, भरपूर वाचायची. लग्न करायचं नाही, काहीतरी मोठं काम करायचं, असं तिच्या डोक्यात होतं.

मग १८८२ मध्ये चार्ल्स वॉल्टर स्टेटसन हा देखणा चित्रकार भेटला. त्याने लगेच मागणी घातली. होकार द्यायला तिने बराच वेळ घेतला. लग्न आणि काम दोन्ही एकत्र जमेल का, ही तिची धास्ती होती. अखेर २ मे १८८४ रोजी दोघांचं लग्न झालं. २३ मार्च १८८५ रोजी मुलगी झाली, कॅथरिन.

सगळं चांगलं असताना रडू का येतं?

कॅथरिन गोंडस होती, तब्येतीने ठणठणीत होती. नवरा घरकामातही हात लावायचा. मदतीला बाई होती, पुढे आईही येऊन राहिली. तरी बाळाला छातीशी धरलं की शार्लटच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागायचं. आनंद व्हायला हवा तिथे नुसती वेदना. उठवत नसे, बोलवत नसे, वाचलेलं डोक्यात शिरत नसे. वर स्वतःचाच राग, की आपण कसली आई?

आज या आजाराला नाव आहे, प्रसूतीनंतरचं नैराश्य. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं बहुतेक बायकांमध्ये दिसतं आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी राहिली, झोप आणि भूक बिघडली, बाळाविषयी काहीच वाटेनासं झालं, तर तो आजार असतो. त्यात आईच्या मायेचा दोष नसतो. लुई व्हिक्टर मार्से या फ्रेंच डॉक्टरांनी १८५८ मध्येच गरोदर आणि बाळंत बायकांच्या मानसिक आजारांवर आख्खा ग्रंथ लिहिला होता. पण ते ज्ञान शार्लटपर्यंत पोचलं नव्हतं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात हवापालटासाठी तिला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाला, ग्रेस चॅनिंग या मैत्रिणीकडे पाठवलं. गाडी हलली तसं तिला हलकं वाटायला लागलं. तिथे ती हसली, फिरली, नाटकात रमली. आजार गेला असं सगळ्यांना वाटलं. पण घरी परतल्यावर महिनाभरात ती पुन्हा होती तिथेच.

आराम करा आणि विचार करू नका

आता गाठायचे होते देशातले सर्वांत मोठे मज्जाविकारतज्ज्ञ, डॉ. सायलस वीअर मिचेल. अमेरिकन यादवी युद्धात जखमी सैनिकांवर त्यांनी उपचार केले होते. तोडलेला हात किंवा पाय अजून जागेवरच आहे असं रुग्णाला का वाटतं, याचं त्यांनी केलेलं वर्णन आजही शिकवलं जातं. थोडक्यात, माणूस भोंदू नव्हता. त्या काळच्या विज्ञानातलं ते अग्रगण्य नाव होतं.

त्यांचा उपचार म्हणजे रेस्ट क्युअर, आरामाचा इलाज. बायकांना सहा ते आठ आठवडे अंथरुणात झोपवून ठेवायचं. घरच्यांना भेटायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही. वजन वाढावं म्हणून भरपूर दूध आणि अन्न, शिवाय मालिश आणि विजेचे सौम्य झटके. गंमत म्हणजे थकलेल्या पुरुषांना मात्र ते पश्चिमेकडे जाऊन घोडेस्वारी आणि शिकार करायला सांगत.

शार्लटने येण्यापूर्वी आपल्या आजाराचा सविस्तर वृत्तान्त लिहून पाठवला होता. डॉक्टरांना तो निव्वळ अहंकार वाटला. महिनाभर ठेवून त्यांनी तिला बरी म्हणून घरी पाठवलं. सोबत सल्ला दिला, शक्य तितकं घरगुती आयुष्य जगायचं, मूल सतत जवळ ठेवायचं, प्रत्येक जेवणानंतर तासभर पडून राहायचं, डोक्याचं काम दिवसाला फार तर दोन तास, आणि लेखणी, कुंचला, पेन्सिल आयुष्यभर हातात धरायची नाही.

तिने हे इमानेइतबारे पाळलं. काही महिन्यांत ती आणखी खाली गेली. चिंध्यांची बाहुली करून ती दारावर टांगायची आणि तिच्याशी खेळायची. अंधाऱ्या कपाटात, पलंगाखाली जाऊन बसायची. अखेर वेड लागण्याच्या काठावर आल्यावर तिने तो सल्ला सोडला आणि पुन्हा काम हातात घेतलं.

१८८८ मध्ये ती मुलीला घेऊन पॅसाडीनाला गेली आणि नवऱ्यापासून वेगळी राहू लागली. तिथे १८९० च्या उन्हाळ्यात तिने द यलो वॉलपेपर ही गोष्ट लिहिली. नुकतंच बाळ झालेली बाई, तिला विश्रांतीसाठी माडीवरच्या खोलीत ठेवणारा डॉक्टर नवरा आणि भिंतीवरचा पिवळा कागद. त्या कागदाच्या नक्षीमागे तिला एक कोंडलेली बाई दिसायला लागते. जानेवारी १८९२ मध्ये ती न्यू इंग्लंड मॅगझिनमध्ये छापून आली. डॉ. मिचेल यांचं नाव तिने थेट गोष्टीत घातलं होतं आणि एक प्रत त्यांना पाठवलीही. त्यांच्याकडून काही उत्तर आलं नाही.

व्हायरल पोस्ट इथे थांबते, आयुष्य नाही

उपचार सोडल्यावर शार्लट सावरली हे खरं. पण पूर्ण बरी झाली नाही. उदासीचे काळ आयुष्यभर येत राहिले. कधी आठवडेच्या आठवडे पत्राला उत्तर लिहवत नसे, पुस्तकाचं पान उलटवत नसे. आपल्या आयुष्याची कितीतरी वर्षं या आजाराने खाल्ली, हे तिने आत्मचरित्रात स्वतःच नोंदवून ठेवलं आहे.

त्याची किंमत तिने इतर बाबतींतही मोजली. १८९४ मध्ये घटस्फोट झाला. वॉल्टरने ग्रेसशी, म्हणजे तिच्याच मैत्रिणीशी लग्न केलं. तिघांचं एकमेकांशी चांगलंच जमत होतं, म्हणून शार्लटने नऊ वर्षांच्या कॅथरिनला त्यांच्याकडे राहायला पाठवलं. वर्तमानपत्रं तुटून पडली. मुलीला टाकणारी आई, असा शिक्का बसला. मुलीच्या आठवणीने ती पुढे कित्येक वर्षं रडत असे.

तरी काम थांबलं नाही. १८९८ मध्ये विमेन अँड इकॉनॉमिक्स हे तिचं पुस्तक आलं. बाई पोटासाठी नवऱ्यावर अवलंबून आहे तोवर तिला बरोबरीचं स्थान मिळणार नाही, असा त्याचा मुद्दा. त्या पुस्तकाने ती देशोदेशी पोचली. १९०० मध्ये तिने ह्यूटन गिलमन या आतेभावाशी लग्न केलं आणि यावेळी तिचं काम चालू राहिलं.

पोस्टमध्ये कधीच न येणारी गोष्ट १९०१ मधली आहे. शार्लट पुन्हा एका डॉक्टरकडे गेली, न्यूयॉर्कच्या डॉ. मेरी पुटनम जेकोबी यांच्याकडे. या बाई आनंदीबाईंच्याच कॉलेजच्या, १८६४ मध्ये तिथून पदवी घेतलेल्या. पाळीच्या दिवसांत बाईने पडूनच राहायला हवं, हा समज त्यांनी प्रत्यक्ष माहिती गोळा करून खोडला होता आणि त्या निबंधाला हार्वर्डचं बॉयलस्टन पारितोषिक मिळालं होतं.

जेकोबींनी शार्लटचं म्हणणं ऐकून घेतलं. डोकं वापरू नका असं न सांगता थोडं थोडं वापरा असं सांगितलं. सुरुवात लहान मुलांच्या ठोकळ्यांपासून केली, मग हळूहळू वाचन आणि अभ्यास वाढवत नेला. शार्लटला त्याचा उपयोग झाला.

म्हणजे तिने चुकीचा इलाज सोडला, पण इलाज घेणंच सोडलं नाही.

आज हे का सांगायचं?

शार्लटच्या काळात डिप्रेशनवर गोळी नव्हती. अशा पहिल्या औषधांपैकी एक, इमिप्रामिन, याचा परिणाम स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी १९५७ मध्ये जगापुढे मांडला. म्हणून रेस्ट क्युअर सोडणं आणि आजची गोळी सोडणं यांची बरोबरी होऊ शकत नाही. अंथरुणातून उठल्याने शरीरात औषधाची पातळी खाली येत नाही. गोळी बंद केल्याने येते.

आणि हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य दिसलं होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं, यांचा त्याच्याशी संबंध होता.

आता हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या बाळंतिणीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. पहिलं बाळंतपण माहेरी. रडू थांबेना म्हणून भावाने नांदेडला दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. दोन-तीन महिन्यांत बरं वाटलं. मग ती सासरी आली. अंगावर पाजतेस आणि गोळ्या कशाला, असं कुणीतरी म्हटलं. स्ट्रिप संपली, ती पुन्हा आणली नाही. चार दिवसांनी चक्कर, मळमळ, झोप नाही, डोक्यात विजेसारखे झटके, विनाकारण चिडचिड. कुणी म्हणतं गोळ्यांची सवय लागली, कुणी म्हणतं आजार उलटला, कुणी म्हणतं बाहेरची बाधा.

बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. मेंदू औषधाच्या पातळीला सरावलेला असतो आणि ती एकदम खाली आली की अशी लक्षणं दिसतात. हे व्यसन नाही, कारण गोळीची तलफ येत नाही आणि डोस वाढवत न्यावासा वाटत नाही.

सुरक्षितपणे गोळी बंद करताना डॉक्टर साधारण या गोष्टी पाहतात.

वेळ: बरं वाटायला लागलं म्हणजे कोर्स संपला असं नसतं. पूर्ण बरं वाटल्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवलं जातं. आधी असा आजार होऊन गेला असेल तर आणखी जास्त. सासरी परतणं, बाळाचं दूध तोडणं, घरात आजारपण, अशा धामधुमीत बंद करायला घेत नाहीत.

वेग: डोस टप्प्याटप्प्याने, काही आठवडे किंवा महिने घेऊन कमी करतात. शेवटचे टप्पे सर्वांत लहान ठेवावे लागतात, कारण कमी डोसवर थोडासा फरकही मेंदूला मोठा जाणवतो. एक दिवसाआड गोळी घेऊन कमी करणं बहुतेक औषधांसाठी बरं नाही, त्याने पातळी वरखाली होत राहते. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही औषधं शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे त्यांचा त्रास जास्त होऊ शकतो. फ्लुओक्सेटिन रेंगाळतं, त्याचा त्रास सहसा कमी.

फरक ओळखणं: गोळी कमी केल्यावर काही दिवसांतच चक्कर, झटके असा नवाच शारीरिक त्रास सुरू झाला, तर तो बहुधा औषध सुटण्याचा. आधीचा डोस पुन्हा सुरू केला की तो सहसा लवकर थांबतो. उदासी, निराशा, बाळापासून तुटलेपण हे हळूहळू, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत आलं, तर आजार उलटल्याची शक्यता असते. दोन्ही वेळा डॉक्टरांना सांगायचं. स्वतःच अंदाज बांधून गोळी कमीजास्त करायची नाही.

अंगावर पाजणं: बाळाला पाजते म्हणून गोळी थांबवलीच पाहिजे असं नाही. सर्ट्रालिनसारखी काही औषधं दुधात फार कमी उतरतात आणि पाजणाऱ्या आयांना डॉक्टर ती देतात. पुन्हा दिवस राहण्याचा विचार असेल, तर औषधाबद्दल आधीच बोलून घ्यायचं. अचानक कळलं तरी गोळी एकदम बंद करायची नाही.

आणि या सगळ्यात घरातलं एक माणूस सोबत लागतं. कुठल्या तारखेला डोस किती केला, झोप कशी आहे, हे एका वहीत लिहून ठेवणारं. शार्लटकडे हेच नव्हतं. इलाज काय करायचा हे मिचेलनी एकट्यांनी ठरवलं आणि तो सोडायचा हे तिने स्वतः ठरवलं.

शेवटची वर्षं

१९०९ ते १९१६ अशी सात वर्षं शार्लटने फोररनर नावाचं मासिक चालवलं आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द स्वतः लिहिला. हरलँड ही फक्त बायकांच्या देशाची कादंबरी तिथेच १९१५ मध्ये आली. तिची दुसरी बाजूही आहे. गोऱ्यांना श्रेष्ठ मानणारे आणि स्थलांतरितांना हिणवणारे तिचे विचार आज वाचताना खटकतात आणि अभ्यासक त्यावर स्पष्ट टीका करतात.

१९१३ मध्ये तिने पिवळ्या कागदाची गोष्ट का लिहिली याचा खुलासा केला. ती वाचून डॉ. मिचेल यांनी आपला उपचार बदलला, असं तिच्या कानावर आलं होतं. इतिहासकारांना मात्र तसा पुरावा सापडलेला नाही.

१९३२ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. १९३४ मध्ये ह्यूटन अचानक गेला. ती पॅसाडीनाला मुलीजवळ राहायला गेली. जिला टाकल्याचा आरोप झाला होता, ती कॅथरिन आता स्वतः चित्रकार होती, दोन मुलांची आई होती. ग्रेसही तिथे येऊन राहिली. बरा न होणाऱ्या कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात, १७ ऑगस्ट १९३५ रोजी, शार्लटने आपलं आयुष्य संपवलं. तिचं आत्मचरित्र त्याच वर्षी, तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं.

तिची गोष्ट पुढे विस्मरणात गेली आणि १९७३ मध्ये फेमिनिस्ट प्रेसने ती पुन्हा छापली. तेव्हापासून जगभरच्या कॉलेजांत ती शिकवली जाते. १९८७ मध्ये, म्हणजे शार्लट फिलाडेल्फियाला गेली त्याला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, एडिनबरा इथल्या प्रश्नावलीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अवघे दहा प्रश्न. बाळंतिणीला नैराश्य असू शकतं का, हे त्यातून काही मिनिटांत कळतं. शार्लटने आपल्या आजाराबद्दल पानंच्या पानं लिहून दिली होती. आज ते कळायला दहा प्रश्न पुरतात. फक्त कुणीतरी ते विचारायला हवेत.

*(बाळंतपणानंतर उदासी हटत नसेल किंवा सुरू असलेली गोळी बंद करायची असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. टेली मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, तर वाट न पाहता त्याच दिवशी जवळचं रुग्णालय गाठा. बाळंतिणीला एकटं सोडू नका.)*